कानात सतत आवाज येत असताना नियमित पोहायचे कसे

कानात सतत शिट्टी वाजल्यासारखा, घोंघावल्यासारखा किंवा रातकिडे किरकिरल्यासारखा आवाज येऊ लागला, म्हणजेच टिनिटस अथवा कर्णनाद सुरू झाला, की अनेक जण सर्वांत आधी पोहणे सोडून देतात. कानात पाणी जाईल, आवाज वाढेल आणि एकदा वाढलेला आवाज पुन्हा खाली येणारच नाही, अशी ती भीती असते. भीती समजण्यासारखी आहे, पण तिच्यात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. आवाज काही वेळ जास्त जाणवणे ही एक गोष्ट आणि कानाला इजा होणे ही दुसरी. पोहून आल्यावर तासभर आवाज चढलेला असावा आणि कानाला मात्र काहीही झालेले नसावे, असे सहज घडते. उलट कानाच्या नळीत जंतुसंसर्ग सुरू झालेला असतानाही आतला आवाज जसाच्या तसा राहू शकतो. म्हणून कान जपायचा तो इजेपासून, आणि आवाजाच्या चढउतारांना पोहण्याचे वेळापत्रक ठरवू द्यायचे नाही, या एकाच विचारावर पुढच्या सगळ्या सूचना उभ्या आहेत.

पोहण्याने टिनिटस बरा होतो असा दावा मी करणार नाही. नियमित व्यायामाने झोप सुधारते, मनावरचा ताण हलका होतो, आणि टिनिटसचा त्रास किती वाटतो हे झोप आणि ताण यांवर फार अवलंबून असते. आवाज तेवढाच असूनही चांगली झोप झालेल्या माणसाला तो कमी सतावतो. पोहण्याचा खरा लाभ इथे आहे, आणि तो महिनोन्महिने सातत्य ठेवले तरच पदरात पडतो.

पाण्यात उतरण्याआधी कान तपासून घ्या

पहिली पायरी तलावावर नसून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे आहे. बहुतेकांच्या बाबतीत टिनिटसचे मूळ अंतर्कर्णातल्या नाजूक केसपेशींच्या झिजेत असते. त्या पेशींकडून येणारे संकेत कमी झाले की मेंदू स्वतःची संवेदनशीलता वाढवतो आणि बाहेर नसलेला आवाज ऐकू येऊ लागतो. कानाचा पडदा शाबूत असेल तर तलावाचे पाणी पडद्याशी थांबते, ते अंतर्कर्णापर्यंत पोहोचत नाही. एवढी एक गोष्ट नीट समजली तरी कानात पाणी गेल्यावर होणारी निम्मी घबराट कमी होते. अर्थात ‘पडदा शाबूत असेल तर’ ही अट महत्त्वाची आहे, आणि ती घरबसल्या तपासता येत नाही.

तपासणीत चार गोष्टी विचारून घ्याव्यात. पडद्याला छिद्र आहे का, कानात ग्रोमेट (पडद्यात बसवलेली बारीक नळी) बसवलेले आहे का किंवा पूर्वी कानाच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेली आहे का, हा पहिला प्रश्न. यांपैकी काहीही असेल तर पोहावे की नाही आणि कोणत्या संरक्षणासह पोहावे, हे डॉक्टरच ठरवतील. दुसरा प्रश्न मळाचा. कानात साठलेला मळ पाण्याने फुगतो, नळी पूर्ण बंद होते, कानाला दडे बसतात आणि बाहेरचे आवाज अडल्यामुळे आतला आवाज एकदम मोठा वाटतो. पोहल्यानंतर टिनिटस वाढल्याची तक्रार घेऊन येणाऱ्याच्या कानात पुष्कळदा एवढेच निघते, म्हणून मळ जास्त असेल तर तो आधीच डॉक्टरांकडून काढून घ्यावा. तिसरी गोष्ट श्रवणचाचणी: आज कोणत्या कानाला किती ऐकू येते याची नोंद हाती असली की पुढे शंका आल्यावर तुलना करता येते. चौथा प्रश्न चक्करेचा. टिनिटसबरोबर अधूनमधून गरगरण्याचे झटके येत असतील, मेनिएर विकाराचे (चक्कर आणणाऱ्या अंतर्कर्णाच्या आजाराचे) निदान झालेले असेल, तर पाण्यात दिशा हरपण्याचा धोका खरा आहे आणि डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय, सोबतीशिवाय पाण्यात उतरू नये.

आवाज एकाच कानात असेल, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा असेल, तर त्याचे कारण शोधण्यासाठी वेगळ्या तपासण्या लागतात. त्या आधी उरकाव्यात.

तलाव आणि वेळ निवडताना कानाने निवडा

पाण्याइतकाच, किंबहुना जास्त, विचार तलावावरच्या गोंगाटाचा करायला हवा. छपराखालच्या तलावात फरशी, काच आणि पाणी या सगळ्यांवरून आवाज परावर्तित होतो, त्यामुळे मुलांचा आरडाओरडा, संगीताच्या तालावर चाललेला व्यायामवर्ग आणि प्रशिक्षकाची शिट्टी एकमेकांत मिसळून कानावर आदळतात. आवाजाच्या सुरक्षिततेचा बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा हिशेब असा आहे की ८५ डेसिबल आवाजात ८ तास राहता येते आणि दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटे उरते. तलावावरचा सर्वसाधारण गोंगाट त्या पातळीपर्यंत सहसा जात नाही, पण कानाजवळ वाजवलेली शिट्टी किंवा ध्वनिक्षेपकाच्या अगदी खाली घालवलेला तास यांची गोष्ट निराळी.

म्हणून नाव नोंदवण्याआधी एकदा नुसते काठावर जाऊन बसावे. ज्या वेळेला पोहायचा विचार आहे त्याच वेळेला जावे, कोणत्या बाजूला वर्ग चालतात, ध्वनिक्षेपक कुठे आहेत, कडेची लेन मिळते का, हे पाहावे. उघड्यावरचा तलाव उपलब्ध असेल तर माझी पसंती त्यालाच राहील, कारण तिथे आवाज विरून जातो. सामान्य आवाजही बोचत असतील, म्हणजे टिनिटसबरोबर ध्वनीची अतिसंवेदनशीलता असेल, तर गर्दी नसलेली वेळ हीच खरी गरज आहे, बाकी सोयी नंतर. मात्र कपडे बदलण्याच्या खोलीपासून पाण्यापर्यंत सतत कान बंद ठेवण्याची सवय लावू नये. नेहमीच्या आवाजांपासूनही कान झाकत राहिले की अतिसंवेदनशीलता वाढते.

पाण्याचे तापमानही पाहावे. स्पर्धेच्या तलावातले पाणी साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस असते आणि बहुतेकांच्या कानांना ते सोसते. त्याहून बरेच गार पाणी एका कानात शिरले आणि दुसऱ्यात नाही, तर अंतर्कर्णातला तोल सांभाळणारा भाग गोंधळतो आणि काही क्षण भोवळ येते. थंड पाण्यात वर्षानुवर्षे पोहणाऱ्यांच्या कानाच्या नळीत हाडाची वाढ होऊन नळी अरुंद होऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

इअरप्लग: कोणता, कसा, आणि लावायचाच का

टिनिटस आहे म्हणून प्रत्येकाने इअरप्लग लावलेच पाहिजेत असे नाही, हे आधी सांगतो, कारण बहुतेक जण उलट समजतात. कान बंद केला की बाहेरचे आवाज कमी होतात, आपला श्वास, जबड्याची हालचाल आणि हृदयाचे ठोके मोठे ऐकू येतात आणि टिनिटस उठून दिसतो. काहींना हे इतके नकोसे होते की पोहण्यातली गोडीच जाते. पडदा शाबूत असेल, कानाच्या नळीत वारंवार संसर्ग होत नसेल आणि पाणी कानात गेल्याने काही बिघडत नसेल, तर इअरप्लगविना पोहून पाहायला हरकत नाही. ज्यांना वारंवार संसर्ग होतो, ज्यांची नळी अरुंद आहे किंवा ज्यांना डॉक्टरांनी सांगितले आहे, त्यांनी ते लावावेत.

दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग पोहण्यासाठी नसतात. ते पाणी शोषतात. पाण्यासाठी तीन पर्याय आहेत: कणकेच्या गोळ्यासारखा मऊ सिलिकॉन, कडा असलेला रबरी इअरप्लग, आणि ऑडिओलॉजिस्टने (श्रवणतज्ज्ञाने) कानाचा साचा घेऊन बनवलेला. साच्याचा महाग पडतो, पण आठवड्यातून तीन-चार वेळा पोहणाऱ्याला तोच परवडतो, कारण तो नेमका बसतो आणि नळीत खोल जात नाही.

मऊ सिलिकॉन लावण्याची रीत शांतपणे, आरशासमोर शिकावी. कान पूर्ण कोरडा असताना, केस मागे घेऊन, गोळा तळहातात मऊ करून चपटा करावा. उजव्या कानाला लावताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग किंचित वर आणि मागे ओढावा, म्हणजे नळी सरळ होते. गोळा नळीच्या तोंडावर झाकणासारखा ठेवावा आणि कडा बोटाने दाबत दाबत आजूबाजूच्या त्वचेला चिकटवाव्यात. तो नळीत ढकलू नये. आत अडकला तर काढण्यासाठी डॉक्टरकडे जावे लागते आणि आत कोंडलेल्या हवेचा दाब पडद्यावर येतो. मोठ्या माणसाने गोळ्याचे तुकडेही करू नयेत. काढताना आधी एक कड सैल करून हवा आत जाऊ द्यावी, मग हळूच सोलून काढावा. हिसका मारून काढला की पडद्यावर ओढ बसते आणि कानात एक बधिर ठणका उठतो, जो टिनिटस असलेल्या माणसाला विनाकारण घाबरवतो. मातीने किंवा केसांनी भरलेला गोळा टाकून द्यावा.

इअरप्लगवरून सिलिकॉनची टोपी कान झाकेल अशी घातली की ते जागेवर राहतात. टोपी आणि गॉगलचा पट्टा मात्र आवळून बसवू नये; कपाळ, कानशिले आणि मानेचे स्नायू ताणले गेले की काय होते, ते पुढे येतेच आहे. कान बंद असताना जीवरक्षकाची हाक ऐकू येणार नाही, म्हणून त्याला पहिल्याच दिवशी तसे सांगून ठेवावे आणि दर फेरीच्या शेवटी मान वर करून आजूबाजूला पाहावे.

पहिले काही आठवडे

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, दर वेळी १५ ते २० मिनिटे, एवढ्यावर सुरुवात करावी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. तिथपर्यंत पोहोचायला दोन-तीन महिने लागले तरी बिघडत नाही.

पहिल्या खेपेला डोके पाण्याखाली नेण्याची घाई नको. छातीभर पाण्यात चालावे, काठ धरून पाय मारावेत, मग चेहरा पाण्यात घालून नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडावेत. यात टिनिटस असलेल्यांसाठी एक सुखद गोष्ट दडलेली आहे: पाण्याखाली सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे कानाजवळून भरभरत वर जातात आणि तो आवाज पुष्कळांच्या टिनिटसला बऱ्याच अंशी झाकून टाकतो. पाण्याखालचे ऐकणे तसेही वेगळे असते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेत सुमारे ३४० मीटर. शिवाय पाण्याखाली आपण मोठ्या प्रमाणात कवटीच्या हाडांतून ऐकतो, त्यामुळे आवाज कोणत्या बाजूने येतोय हे कळत नाही. पहिल्यांदा डोके बुडवल्यावर आपला आवाज ‘बदलला’ असे वाटले तर त्यामागे हे कारण असते.

श्वास रोखून लांब अंतर कापण्याचे सराव टिनिटस असलेल्यांनी टाळावेत असे माझे मत आहे. श्वास कोंडला की छाती आणि डोक्यातला दाब वाढतो, मान ताठते, ठोके कानात धडधडतात, आणि त्यातून मिळणारे काहीही संथ श्वास घेऊन पोहण्यापेक्षा मोलाचे नाही. श्वास पाण्यात सतत सोडत राहणे आणि बाहेर फक्त घेणे, एवढी एक सवय पक्की झाली की पोहणेही सुधारते आणि कानातली धडधडही उतरते.

मान आणि जबडा

हा भाग बहुतेक मार्गदर्शनांतून सुटतो, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. मान आणि जबडा यांच्याकडून मेंदूकडे जाणारे संवेदनांचे मार्ग ऐकण्याच्या मार्गाशी मेंदूच्या तळाशी जोडलेले आहेत. त्यामुळे अनेकांत दात आवळले, मान वळवली किंवा खालचा जबडा पुढे काढला की टिनिटसची पट्टी किंवा जोर बदलतो. तुमच्या बाबतीत हे होते का, हे कोरड्या जागी बसून पाहा. होत असेल, तर पोहल्यावर वाढलेल्या आवाजाचे कारण कानात शिरलेले पाणी नसून मानेतला ताण असण्याची शक्यता बरीच आहे.

ब्रेस्टस्ट्रोक करताना डोके सतत पाण्याबाहेर ठेवणारे पुष्कळ असतात, आणि कान कोरडे राहावेत म्हणून टिनिटस असलेले तर हमखास तसे करतात. त्याने मानेचा मागचा भाग सतत आकुंचित राहतो आणि अर्ध्या तासात तो दगडासारखा होतो. त्यापेक्षा प्रत्येक हाताबरोबर चेहरा पाण्यात घालून मान पाठीच्या रेषेत आणणे बरे, मग त्यासाठी इअरप्लग लावावे लागले तरी चालेल. फ्रीस्टाइलमध्ये श्वासासाठी डोके उचलू नये. खांदा आणि कंबर वळू द्यावी, म्हणजे डोके त्यांच्याबरोबर आपोआप वळते आणि एक डोळा पाण्यातच राहतो. श्वास एकाच बाजूने न घेता दोन्ही बाजूंनी आलटून पालटून घ्यावा. मान मुळातच दुखरी असेल तर चेहऱ्यासमोर बसणारा पोहण्याचा स्नॉर्कल (श्वास घेण्याची नळी) वापरावा, त्याने मान वळवावीच लागत नाही. पण त्याचे तोंडातले टोक दातांत आवळून धरू नये, ओठांनी धरावे. बॅकस्ट्रोकमध्ये मानेला आराम असतो, मात्र दोन्ही कान पूर्णवेळ पाण्यात असतात, हे ध्यानात घेऊन तो निवडावा.

पाण्यातून बाहेर येण्याआधी दोन मिनिटे काठ धरून खांदे गोल फिरवावेत, जबडा सैल सोडावा, जीभ टाळूला लावून दात एकमेकांपासून वेगळे ठेवावेत.

सूर, खोली आणि दाब

पृष्ठभागावर पोहताना पाण्याचा दाब ही चिंतेची बाब नाही. १० मीटर खोलीला दाब हवेच्या दाबाच्या दुप्पट होतो, म्हणजे २ मीटरवर तो पाचव्या हिश्श्याने वाढलेला असतो, आणि एवढ्यानेही पडदा आत ओढला जाऊन कान दुखू शकतो. तळाशी जायचेच असेल तर कान दुखण्याआधीच नाक धरून अगदी हलकेच हवा कानांकडे न्यावी किंवा आवंढा गिळावा. जोर लावून हवा ढकलू नये; त्या जोराने मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण यांच्यामधल्या पातळ पडद्याला इजा होऊ शकते, आणि श्रवणशक्तीचे कायमचे नुकसान करणाऱ्या प्रकारांत तिची गणना होते. नळीला हवाबंद करणारे इअरप्लग लावून खोल बुडी मारू नये, कारण प्लग आणि पडदा यांच्यामधल्या हवेचा दाब सारखा करण्याचा काही मार्ग उरत नाही. सर्दी झालेली असताना, नाक चोंदलेले असताना बुडी आणि सूर दोन्ही बंद.

उंचावरून उडी घेताना कान पाण्यावर सपाट आपटला तर पडदा फाटू शकतो. टिनिटस असलेल्याने उंच फळीचा मोह ठेवू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. स्कूबा डायव्हिंगचा विचार असेल तर त्या विषयातल्या डॉक्टरांची स्वतंत्र तपासणी लागते. तलावात पोहण्याची परवानगी म्हणजे स्कूबाची परवानगी नव्हे.

बाहेर आल्यावरची पंधरा मिनिटे

कानाची बाहेरची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या त्वचेवर मळाचा पातळ, किंचित आम्लधर्मी थर असतो आणि तोच जंतूंना रोखतो. पाणी आत रेंगाळले की हा थर धुऊन जातो, त्वचा ओलावते, आणि स्यूडोमोनास जातीच्या जंतूंना फावते. जलतरणपटूंच्या कानदुखीचे हे नेहमीचे कारण आहे. तेव्हा कान कोरडा करणे हे पोहण्याचाच भाग मानावे.

डोके एका बाजूला झुकवून कानाची पाळी वेगवेगळ्या दिशांना हलकेच ओढावी, म्हणजे पाणी ओघळते. मग दुसरी बाजू. टॉवेलच्या टोकाने फक्त बाहेरचा भाग टिपावा. हेअर ड्रायर सर्वांत कमी वेगावर आणि सर्वांत कमी उष्णतेवर ठेवून कानापासून हातभर अंतरावर धरता येतो, पण ड्रायरचा आवाज ज्यांना बोचतो त्यांनी तो टाळून पंख्यासमोर बसावे. कापसाची काडी, केसांची पिन, चावी, तेल, मेणबत्ती यांपैकी काहीही कानात जाता कामा नये. काडीने मळ आत ढकलला जातो आणि त्वचेला पडलेल्या ओरखड्यातूनच संसर्ग सुरू होतो. कान सुकवणारे, सौम्य आम्ल असलेले थेंब मिळतात आणि उपयोगी असतात, पण पडदा शाबूत असल्याची डॉक्टरांनी खात्री केल्यावरच ते घालावेत.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते पोहण्याआधी काढून कोरड्या डबीत ठेवावे आणि नळी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय परत लावू नये. ओल्या कानात बसवलेला साचा संसर्गाला निमंत्रण देतो.

आवाज चढला तर

तलावाच्या गजबजाटातून शांत गाडीत किंवा शांत खोलीत आल्यावर टिनिटस मोठा वाटतो. तो पुष्कळदा वाढलेला नसतो, आजूबाजूची शांतता वाढलेली असते. म्हणून लगेच निःशब्द खोलीत जाऊ नये, खिडकी उघडी ठेवावी, पंखा किंवा मंद संगीत चालू ठेवावे. श्रमानंतर रक्ताभिसरण वाढलेले असते, त्यानेही काही काळ आवाज चढतो आणि शरीर शांत होईल तसा उतरतो.

एक साधी वही ठेवावी. पोहण्याआधी, पोहून आल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज ० ते १० मध्ये किती वाटला, एवढेच लिहावे. शेजारी कोणती शैली, किती मिनिटे, गर्दी होती का, इअरप्लग होते का आणि आदल्या रात्रीची झोप कशी होती, हे टिपावे. सहा आठवड्यांनी वही बंद करावी. तिचा उपयोग कारण ओळखण्यापुरता आहे. त्यापुढे रोज आवाज मोजत राहिले तर लक्ष आवाजावरच खिळते. दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा पूर्वीसारखा असेल तर बेत तसाच चालू ठेवावा. तो सलग तीन-चार वेळा चढाच राहिला तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आधी वेळ, मग शैली, मग इअरप्लग.

कधी थांबायचे आणि पुन्हा कधी सुरू करायचे

एका किंवा दोन्ही कानांनी अचानक कमी ऐकू येऊ लागले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. अचानक आलेल्या बहिरेपणावर उपचार जितके लवकर सुरू होतील तितके चांगले, आणि पाणी अडले असेल म्हणून आठवडाभर वाट पाहणे महागात पडते. कानातून रक्त किंवा पू येणे, पाण्यात किंवा बाहेर गरगरणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटणे, यांतही डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. पाण्याखाली भोवळ आलीच तर धडपडू नये, बुडबुडे ज्या दिशेला जातात तीच वरची दिशा, हे आठवून काठ किंवा लेनची दोरी धरावी.

कानाच्या तोंडाशी असलेली छोटी कूर्चा दाबल्यावर किंवा पाळी ओढल्यावर दुखत असेल, कान खाजत असेल, तर बाहेरच्या नळीचा संसर्ग सुरू झाला आहे असे समजावे. उरलेले जुने थेंब स्वतःहून घालू नयेत. काही प्रतिजैविके पडद्याच्या छिद्रातून आत गेल्यास अंतर्कर्णाला घातक ठरतात. या संसर्गात साधारण ७ ते १० दिवस कान कोरडा ठेवायला सांगितले जाते. तेवढे दिवस चालणे किंवा सायकल चालू ठेवावी, आंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला बाहेरून व्हॅसलीन लावून तो कानाच्या तोंडाशी ठेवावा, आणि डॉक्टरांनी पुन्हा कान पाहून परवानगी दिल्यावर पहिल्या आठवड्याच्याच मापाने, म्हणजे १५ ते २० मिनिटांनी, पुन्हा पाण्यात उतरावे.